ग्रंथपाल बाई ठणठणीत

मी गणिताची बाई. शाळेच्या वार्तापत्राशी माझा संबंध एवढाच, की त्यात कधीमधी माझ्या वर्गातल्या मुलांचे फोटो यायचे आणि मी ते घरी नेऊन आमच्या ह्यांना दाखवायचे. पण भाषेच्या सरांची बदली झाली आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांच्या खोलीत एकदा चौफेर नजर फिरवली. बाकीचे सगळे चटकन मान खाली घालून वह्या तपासायला लागले. मी तेवढी खिडकीतून बाहेर बघत होते. वार्तापत्र माझ्या गळ्यात पडलं.

"अहो, मला व्याकरणातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

"चुका काढता येतात ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्षभर तेच तर करता."

हा टोमणा होता की कौतुक, ते मला अजून कळलेलं नाही.

वार्तापत्र चार पानांचं, महिन्यातून एकदा निघायचं. काम करणारी मुलं तीन, तिघंही नववीतली. एक भोंगा. ह्याचा आवाज असा, की ह्यानं कुणाची मुलाखत घेतली तर ती शेजारच्या दोन वर्गांनाही ऐकू जायची. दुसरी फूटपट्टी. ती पानं लावायची, आणि एखादी ओळ केसभर जरी तिरकी दिसली तरी तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि तिसरी टाचणी. हे नाव वर्गानं तिला चिडवायला ठेवलेलं, पण तिला ते आवडायचं. "टाचणीमुळंच कागद एकत्र राहतात, बाई," असं तिनं मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. पोरीला मोठेपणी बातमीदार व्हायचं होतं, आणि ती लिहायचीही सुरेख. फळ्यावरचा सुविचार वाचूनसुद्धा ती विचारायची, "हे कोण म्हणालं? कुठे म्हणालं?"

तर अशा ह्या चिकित्सक मुलीच्या हातून ते घडलं.

त्या महिन्यात आमच्या ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या. पहिल्या पानावरची बातमी टाचणीनं लिहिली, आणि मी ती तपासली. नीट तपासली, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. रुजू झाल्याचं साल, निवृत्तीचं साल, वजाबाकी अडतीस, बरोबर. ग्रंथालयातली पुस्तकं नऊ हजार चारशे बारा, नोंदवहीशी ताडून पाहिली, बरोबर. आकडा एकही चुकला नव्हता. अक्षरांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. मोठ्या बाईंनी माझी सही बघून सही केली, आणि छापखान्यानं आमच्या दोघींच्या सह्या बघून छापलं.

शनिवारी सकाळी आठशे घरांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या फोनवरच्या झाडून सगळ्या ग्रुपवर ही ओळ जाऊन पोचली:

ग्रंथपाल बाई काळाच्या पडद्याआड

ठळक अक्षरांत, पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली बाईंचा हसरा फोटो. फोटोभोवती फूटपट्टीनं जाड काळी चौकट टाकलेली, कारण तिच्या मते त्याशिवाय फोटो "पानात विरघळत होता". मजकूर सगळा भूतकाळात. बाई शांत होत्या, बाई कधी कुणाला रागावत नसत, बाईंना पुस्तकांचा वास फार आवडे. आणि अगदी शेवटी: 'त्यांच्या पुढील प्रवासास सर्व विद्यार्थ्यांकडून हार्दिक शुभेच्छा!' उद्गारचिन्हासकट.

टाचणीचा खुलासा नंतर मिळाला, हुंदक्यांच्या मधून मधून. एक म्हातारे नट 'काळाच्या पडद्याआड' गेल्याचं तिनं कधीतरी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आता नटाचं काम संपलं की तो पडद्यामागे जातो, तोंड धुतो आणि घरी जातो. म्हणजे निवृत्त होतो. शब्द तिला भारी वाटला होता. तिनं तो वहीत टिपून ठेवला होता, एखाद्या चांगल्या माणसासाठी वापरायचा म्हणून.

खरं सांगते, मला तिच्या विचारात कुठेही पायरी चुकलेली दिसली नाही. फक्त उत्तर चुकलं होतं.

दहाच्या सुमारास मला फोन आला. पलीकडे ग्रंथपाल बाई.

"अहो बाई, शाळेत माझ्याबद्दल काही बोलणं झालंय का? माझ्या दारात सतरा माणसं उभी आहेत, आणि मी दार उघडलं की किंचाळतायत."

मी अंक उघडला, प्रथमच अक्षरं वाचली, आणि मटकन खाली बसले.

सोमवारी टाचणीनं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. 'मी वार्तापत्राचा राजीनामा देत आहे. मी पुन्हा काही लिहिणार नाही. कारण: मी एका जिवंत माणसाला मारले.' खाली सही, तारीख, आणि सवयीप्रमाणे वेळसुद्धा. मला हसू आवरलं नाही, आणि तिथंच माझं चुकलं. तिनं माझ्याकडे अशी एक नजर टाकली की माझं हसू जागच्या जागी थिजलं. ती निघून गेली.

मला वाटलं, चार दिवसांत येईल ताळ्यावर. पण पुढच्या आठवड्यात भाषेच्या नव्या बाईंनी मला तिची चाचणीची उत्तरपत्रिका दाखवली. प्रश्नांना एकेका शब्दात उत्तरं. निबंधाच्या जागी वर नुसता विषय, आणि खाली दोन कोरी पानं. अंक बंद पडला असता तर मला, खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंच झालं असतं. पण ह्या मुलीनं लिहायचं सोडलं, आणि तेही मी सही केलेल्या कागदापायी, हे काही मला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्याच सुमारास परिपत्रक आलं. पाच आठवड्यांनी शालेय वार्तापत्रांची स्पर्धा, तिघा-तिघांचे संघ, बातमी जागेवर लिहायची; शिवाय छापील अंकांची वेगळी स्पर्धा. आणि त्याआधी मार्गदर्शक शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण.

"जा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि येताना काहीतरी शिकून या."

प्रशिक्षणाला आम्ही तीसेक शिक्षक होतो. ओळखी झाल्या तेव्हा कळलं, की बहुतेकांच्या गळ्यात वार्तापत्र असंच, खिडकीतून बाहेर बघताना पडलेलं. शिकवायला एक निवृत्त उपसंपादक. सत्तरी ओलांडलेले, जाड भिंगांचा चष्मा, कानामागे लाल पेन्सिल. दुपारपर्यंत सगळे त्यांना पेन्सिलकाका म्हणायला लागले होते.

"प्रत्येकानं आपल्या अंकातली सगळ्यात मोठी चूक सांगायची," त्यांनी सुरुवातच अशी केली. "ज्यांच्या अंकात चूक नाही, त्यांनी खुशाल घरी जावं. खोटं बोलणाऱ्यांना मला शिकवता येत नाही."

एका सरांच्या अंकात पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपणाऐवजी वृक्षारोहण झालं होतं. एका बाईंनी संघाला करंडकाऐवजी करंडा दिला होता. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. पडदा, चौकट, पुढच्या प्रवासाच्या शुभेच्छा. मग जो हशा उसळला, तो काही थांबेना. पेन्सिलकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बसा बाई, बसा. मी एकदा लग्नाच्या बातमीला कुस्तीचा मथळा लावला होता. नवरा-नवरीच्या फोटोवर 'चुरशीच्या लढतीत दोघेही घामाघूम'. आणि कुस्तीच्या बातमीवर 'दोन जीवांचे मीलन'. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी मला भेटायला आली. त्यातल्या त्यात पैलवान समजूतदार निघाले."

पुन्हा हशा. मग ते गंभीर झाले. "त्या मुलीचं काय झालं?" त्यांनी विचारलं. मी कोऱ्या पानांचं सांगितलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पाठीमागे भिंतीला लावलेल्या मोठ्या कागदावर लाल अक्षरांत लिहिलं: चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर. चूक जेवढ्या मोठ्या अक्षरांत, दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

"आणि ज्यानं चूक केली, त्यानंच दुरुस्ती लिहायची," ते म्हणाले. "शिक्षा म्हणून नाही हं. त्याशिवाय त्याचा हात मोकळा होत नाही."

हे मी वहीत तीनदा लिहून घेतलं. दुसरा नियम असा, की दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय काहीही छापायचं नाही. तिसरा धडा मला जरा झोंबला. एकमेकांची मुलाखत घ्यायची होती. मी शेजारच्या सरांना बारा प्रश्न विचारले, आणि माझा कागद वाचून पेन्सिलकाका म्हणाले, "बाई, ह्यांचं वय कळलं, उंची कळली, भावंडं किती आणि शाळा घरापासून किती अंतरावर, सगळं कळलं. आता हे गृहस्थ कोण आहेत तेवढं सांगा." मला सांगता आलं नाही. ते सर फावल्या वेळात पक्ष्यांचे आवाज काढतात, हे दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं.

परत आल्या आल्या मी टाचणीला गाठलं.

"मी नाही लिहिणार, बाई."

"दुरुस्ती तुलाच लिहायला हवी."

"तुम्ही लिहा ना. तुम्हाला सगळं येतं."

माझा पारा चढायला काही फार लागत नाही. मी टेबलावर हात आपटला. डस्टर खाली पडलं. "मला काही येत नाही! सही माझी होती त्या कागदावर. मी वजाबाकी तपासली आणि बाईंना वर पाठवून दिलं. चूक दोघींची आहे, तर दोघी जाऊ बाईंकडे. चल."

तिनं डस्टर उचलून टेबलावर ठेवलं. "येते," शेवटी म्हणाली. "पण वही आणणार नाही."

ग्रंथपाल बाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिना चढताना टाचणी प्रत्येक पायरीवर थांबत होती. दार बाईंनीच उघडलं. टाचणीनं मान वर केली नाही. तिला बाईंच्या फक्त चपला दिसत होत्या.

"तूच ना ती, जिनं मला पोचवलं?" बाई म्हणाल्या.

झालं. पोरीनं भोकाड पसरलं.

"अगं, रडतेस काय? आत ये. आधी हे बघ तरी."

आत जायला वाट नव्हती. कोचावर पुस्तकं, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं, फ्रिजवर पुस्तकं, भिंतीकडेला गुडघ्याएवढे ढीग. बाईंनी एका खुर्चीवरचा ढीग उचलून टाचणीच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची मला दिली.

"अडतीस वर्षं मी स्मरणपत्रं धाडली. पहिलं, दुसरं, तिसरं. कुणी दाद दिली नाही. आणि मी मेल्याचं कळल्याबरोबर आठवड्याभरात त्र्याण्णव पुस्तकं परत! एक बसचालक आला, बस खाली उभी करून. बावीस वर्षांपूर्वी नेलेला विश्वकोशाचा खंड पोटाशी धरून. एक दाताचे डॉक्टर आले. एक बाई तर नातवाला घेऊन आल्या आणि त्याला म्हणाल्या, बघ, असं करू नये." बाईंनी एका पुस्तकातून चिठ्ठी काढली. "आणि हे कुणी दाराबाहेर ठेवून गेलं. वाच."

टाचणीनं नाक पुसून वाचलं. 'बाई, तुम्ही होतात तोवर आणून द्यायची लाज वाटली. माझ्याकडे हे एकच पुस्तक होतं. मी ते माझ्या तिन्ही मुलांना वाचून दाखवलं.'

टाचणी चिठ्ठी उलटसुलट करून बघत होती. तिचं रडणं केव्हा थांबलं ते मला कळलंच नाही.

"त्र्याण्णव कुणी मोजली?" तिनं विचारलं.

"मीच."

"आणखी कुणी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचून मोजायला लागले. मोजणं हे मला जमतं. कोच, टेबल, फ्रिज, भिंत, टाचणीची मांडी, सगळं धरून त्र्याण्णवच भरली. मग बाई उठून उभ्या राहिल्या, आणि त्या बसल्या होत्या त्या स्टुलावर चौऱ्याण्णवावं निघालं.

टाचणीनं इकडेतिकडे पाहिलं. "बाई, एखादा कागद आहे का?"

बाईंच्या खणात ग्रंथालयाची जुनी रद्द झालेली कार्डं होती. त्यांच्या कोऱ्या बाजूवर टाचणी लिहायला लागली. कोण आलं, काय आणलं, काय म्हणालं. तास उलटून गेला. सतरा कार्डं भरली.

"तुझी ती बातमी मी चारदा वाचली," बाई निघताना म्हणाल्या. "आपल्यामागं लोक काय बोलतात हे वाचायला मिळणं सोपं नाही. छान लिहिलं होतंस. फक्त एक चूक होती."

"एकच?" टाचणीचा आवाज चिरकला.

"मला पुस्तकांचा वास मुळीच आवडत नाही. धुळीनं शिंका येतात. अडतीस वर्षं मी नाकाला रुमाल लावून काढली."

टाचणीनं अठरावं कार्ड मागून घेतलं.

दुरुस्ती पहिल्या पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापायची ठरली. 'ग्रंथपाल बाई ठणठणीत' एवढ्यानं ओळ भरत नाही म्हणून फूटपट्टी अस्वस्थ झाली, मग पुढं 'चौऱ्याण्णव पुस्तके घरी परत' असं जोडलं. फोटोला निदान एक बारीक चौकट टाकू का, असं तिनं विचारलं. आम्ही तिघं एकदम "नको" म्हणून ओरडलो. मजकूर असा होता: 'गेल्या अंकात ग्रंथपाल बाई काळाच्या पडद्याआड गेल्याचे आम्ही छापले. हे खोटे आहे. त्या निवृत्त झाल्या आहेत. त्या शब्दांचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता, आणि आम्ही तो कुणाला विचारला नाही. बाईंना पुस्तकांचा वास आवडतो असेही आम्ही छापले. त्यांना तो आवडत नाही. आम्ही त्यांनाही विचारले नव्हते.' आणि खाली बसचालक, डॉक्टर, नातवाची आजी आणि ती चिठ्ठी.

"नाव घालू ना तुझं?" मी विचारलं.

"नको, बाई. हे लिहायचं होतं, लिहिलं. पुढं नाही." स्पर्धेला तिसरं माणूस लागतं म्हणून ती येणार होती, पण फक्त वही धरायला. लिहिणार भोंगा.

स्पर्धा एका महाविद्यालयाच्या सभागृहात होती. बत्तीस संघ. मार्गदर्शकांना मागे काचेपलीकडे बसवलं होतं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर, जे माझ्यासारखीला कठीणच. व्यासपीठावर एक निवृत्त अग्निशमन अधिकारी खोटी पत्रकार परिषद घेणार होते. त्यांनी निवेदन वाचलं: कागदाच्या गोदामाला भर दुपारी आग लागली, अर्ध्या तासात आटोक्यात आली. "ही आग सर्वांत आधी पाहिली ती आमच्या जुन्या पहारेकऱ्यांनी. त्यांनीच घंटा वाजवली. ते आता आपल्यात नाहीत. त्यांची उणीव आम्हाला कायम जाणवेल." सभागृहात सगळ्या माना खाली गेल्या आणि पेनं भराभरा चालायला लागली.

मग एकेका संघाला आतल्या खोलीत बोलावलं. तीन प्रश्न विचारायचे, बाहेर येऊन तासाभरात बातमी लिहायची. आमची मुलं आत गेली. भोंग्याचे दोन्ही प्रश्न मला दारातून, काचेतून, स्वच्छ ऐकू आले: आग कशामुळं लागली, आणि आत किती माणसं होती. तिसरा प्रश्न ऐकू आला नाही.

तो काय होता ते मला मागाहून कळलं. भोंगा विचारणार होता, त्या वेळी तुमच्या मनात काय आलं? त्यानं तोंड उघडलं आणि टाचणीनं मागून त्याची बाही ओढली. "थांब." मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाली, "पहारेकरी आपल्यात नाहीत म्हणालात. म्हणजे नक्की काय?"

अधिकारी मिशीत हसले. "म्हणजे नोकरी सोडली त्यांनी, मागच्या आठवड्यात. लेकीकडे राहायला गेले. तब्येत उत्तम आहे."

"ह्याला दुजोरा कोण देईल?"

"हा तुमचा चौथा प्रश्न झाला," ते म्हणाले. पण खिशातून एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. पहारेकऱ्यांचं पत्र, कालच्या तारखेचं, खुशाली कळवणारं.

मी काचेमागून पाहिलं ते एवढंच, की तिघं बाहेर आली, बसली, आणि भोंग्यानं कागद टाचणीपुढं सरकवला. त्यानं पेनही दिलं. ती नाही म्हणाली. तिची मान हललेली मला दिसली. भोंगा काहीतरी कुजबुजला, म्हणजे त्याच्या मते कुजबुजला, सगळ्या सभागृहानं ऐकलं: "तू विचारलंस, तू लिही!"

मी घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट, चार, सात. ती कागदाकडे बघत बसली होती. नवव्या मिनिटाला तिनं मागं वळून काचेकडे पाहिलं. मला ओरडायचं होतं, टेबलावर हात आपटायचा होता. मी काहीच केलं नाही, नुसती तिच्याकडे बघून हसले, आणि ह्या वेळी ते हसणं चुकलं नाही. अकराव्या मिनिटाला तिचा हात चालायला लागला. शेजारच्या सरांनी, त्याच पक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या, मला रुमाल दिला. का दिला म्हणून विचारायला गेले तर माझे डोळे वाहत होते.

निकाल पेन्सिलकाकांनी सांगितला. "बत्तीस संघांपैकी एकोणतीस संघांनी आज एका धडधाकट पहारेकऱ्याला मारलं," ते म्हणाले. कागद उचलून त्यांनी मथळे वाचायला सुरुवात केली. "'कर्तव्यदक्ष पहारेकऱ्याची प्राणज्योत मालवली.' 'एका निष्ठावंताची अखेर.' आणि हा एक, 'पहारेकरी काळाच्या पडद्याआड'." आमच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही हसत सुटली. "दोन संघांनी त्यांचा उल्लेखच केला नाही. एका संघानं विचारलं."

बातमीलेखनाचा पहिला क्रमांक आमचा.

मी पेन्सिलकाकांना गाठलं. "हे माझ्यावरूनच सुचलं ना तुम्हाला?"

"अहो, तुमची गोष्ट ऐकली आणि घरी पोचेपर्यंत रस्ताभर हसत होतो. म्हटलं, बत्तीस शाळांनी ह्यातून एकदा जायला हवं. कागदांवर नुसते नंबर होते. तुमची मुलगी आहे हे मला आत्ता कळतंय." त्यांनी कानामागची लाल पेन्सिल काढली आणि टाचणीच्या हातात दिली. बक्षिसाचं प्रमाणपत्र भोंग्यानं धरलं. टाचणीनं परतीच्या वाटेवर ती पेन्सिल मुठीतून सोडली नाही.

अंकांच्या स्पर्धेत मात्र आम्हाला काही मिळालं नाही. चौथ्या पानावरच्या कोड्याचं उत्तर चुकलं होतं. कोडं गणिताचं होतं, आणि ते कुणी दिलं होतं ह्याबद्दल मी अधिक बोलू इच्छित नाही. दुरुस्ती पुढच्या अंकात आली, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत, आणि नियमाप्रमाणे मलाच लिहावी लागली. टाचणीनं ती लाल पेन्सिलीनं तीनदा परत पाठवली. स्पर्धेची बातमी पहिल्या पानावर होती, आणि तिच्याखाली टाचणीनं न विचारता स्वतःचं नाव घातलं होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

तो अंक निघाला त्या दिवशी ग्रंथपाल बाई चौऱ्याण्णव पुस्तकं रिक्षात घालून शाळेत आल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून ती कपाटात लावली. धूळ उडत होती. बाई नाकाला रुमाल लावून टाचणीशेजारी बसल्या.

"हे बघ, माझी ती बातमी कधी ना कधी खरी छापावी लागणारच," त्या म्हणाल्या. "तर आत्ताच लिहून ठेव. मी वाचते, चुका काढून देते. त्या वेळी मला काही जमायचं नाही."

टाचणीनं वही उघडली, लाल पेन्सिल उचलली, आणि जरा विचार करून दोन्ही खाली ठेवल्या.

"नाही जमणार, बाई."

"का गं?"

"दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय आम्ही छापत नाही. त्यातला एक तुमचाच लागेल."

बाई हसायला लागल्या. हसता हसता रुमाल गळून पडला, धूळ नाकात गेली, आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. हसणं आणि शिंका, शिंका आणि हसणं. टाचणी बोटांवर शिंका मोजत होती. अखेर थांबल्या तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सात," मी म्हणाले.

"सात," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.